खडकवासल्याची बस आणि फेरीवेळेचा हिशेब

पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या टोकाकडच्या गावांत बसचा विषय निघाला की पहिली मागणी ठरलेली असते: आमच्या इथून थेट गाडी हवी. नांदोशीला पुणे स्टेशनची हवी, किरकटवाडीला शिवाजीनगरची, धायरीला हडपसरची, खडकवासल्याला कोथरूडची. मागणी रास्तच आहे. धायरीसह ११ गावं २०१७ मध्ये महापालिकेत आली. खडकवासला, किरकटवाडी, नांदेड, नांदोशी, नऱ्हे ही २०२१ मध्ये आलेल्या २३ गावांतली. इमारती त्याच्या कितीतरी आधीपासून उभ्या राहत होत्या. माणसं शहराची झाली, त्यांचं रोजचं जाणं-येणंही शहराचं झालं, मग बसही शहरासारखी हवी असं कुणालाही वाटणार.

आमच्या भागातल्या काही सोसायट्या, गावातली जुनी मंडळी आणि महिला बचत गट यांनी मिळून ठरवलं की सुट्या सुट्या अर्जांऐवजी सगळ्या पट्ट्याचा एकच आराखडा करायचा आणि तो रीतसर द्यायचा. मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे, म्हणून आकड्यांची जबाबदारी माझ्याकडे आली. त्या कामातून जे समजलं ते इथे लिहिते आहे. लोहगाव, मांजरी, सूस, उंड्री, कुठल्याही टोकाला राहणाऱ्यांना ते उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं.

सुरुवातीच्या बैठकीत सगळ्यांनी आपापले थेट मार्ग सांगितले आणि फळा भरून गेला. आमच्यात एसटीच्या वाहतूक खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. ते बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, “ताई, हे सगळं राहू द्या. खडकवासल्याहून सुटलेली गाडी स्वारगेटला जाऊन परत कधी येते, हे इथे कुणाला माहीत आहे का?” कुणालाच नक्की माहीत नव्हतं. प्रत्येकाला आपला थांबा आणि आपली वेळ ठाऊक होती. गाडीचा पुरा फेरा कुणी पाहिला नव्हता.

मग त्यांनी फळ्यावर हिशेब मांडला. समजा जाऊन-येऊन आणि दोन्ही टोकांच्या थांबण्यासकट १२० मिनिटं लागतात, ही झाली फेरीवेळ. दर १० मिनिटांनी गाडी हवी असेल तर १२ गाड्या लागतील. आता कोंडी वाढली आणि तोच फेरा १५० मिनिटांचा झाला. त्याच १२ गाड्या आता साडेबारा मिनिटांनी मिळतील. दहा मिनिटं टिकवायची तर १५ गाड्या हव्यात. म्हणजे तीन नव्या गाड्या आणल्या तरी प्रवाशाच्या पदरात नवीन काहीच पडत नाही. आधी जे होतं तेवढंच परत मिळतं. काका म्हणाले, “गाडी वाढवा म्हणण्याआधी वेळ खरी लिहा.” आमचा सगळा आराखडा पुढे याच वाक्याभोवती उभा राहिला.

गाड्या कमी आहेत हेही खरंच. केंद्रीय नगरविकास मंत्रालयाच्या सेवा निकषांत हजार लोकसंख्येमागे ०.६ बस, म्हणजे लाखामागे ६०, ही उत्तम पातळी मानली आहे. २०११ च्या जनगणनेत पुणे महापालिकेची लोकसंख्या ३१ लाखांवर आणि पिंपरी-चिंचवडची १७ लाखांवर होती. त्या जुन्या आकड्यालाही २,८८० गाड्या लागतात, आणि पीएमपीच्या, म्हणजे दोन्ही शहरांच्या बससेवेच्या, ताफ्यात त्या सुमारे दोन हजार आहेत. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या आधीच्या वेगळ्या बससेवा, पीएमटी आणि पीसीएमटी, २००७ मध्ये एकत्र आल्या, तेव्हापासून खर्चाचा भार ६०-४० अशा वाट्याने दोन्ही महापालिकांवर असतो. नव्या गाड्यांची मागणी पुढे रेटलीच पाहिजे. पण तो निर्णय आमच्या पट्ट्यापुरता होत नाही, आणि तोवर हातातल्या गाड्या नीट फिरवणं शक्य आहे.

मोजणी आम्ही पावसाळ्यात सुरू केली आणि दिवाळीनंतर पुन्हा केली, कारण या रस्त्यावर दोन्ही ऋतूंचं गणित वेगळं असतं. खडकवासला, धायरी फाटा, वडगाव, राजाराम पूल आणि दांडेकर पूल अशा ठिकाणी दोघं-दोघं उभे राहायचे. वहीत चारच रकाने: गाडीचा नंबर, आली कधी, सुटली कधी, आणि आत किती गर्दी. गर्दीसाठी शब्द ठरवले होते: बसायला जागा, उभे, दारात. माणसं मोजायला गेलं तर आकडे चुकतात. हे तीन शब्द मात्र शाळेतला मुलगाही बरोबर लिहितो. शिवाय काहीजण या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडीत बसून प्रत्येक थांब्याची वेळ टिपत गेले. वडगाव-नऱ्ह्याकडच्या कॉलेजांतली मुलं यात पुढे होती. त्यांनी हे काम किती नेटाने केलं हे मी विसरणार नाही.

वह्या एकत्र आल्यावर मी आधी सरासरी काढली आणि लगेच बाजूला ठेवली. वेळापत्रक सरासरीवर बांधलं की साधारण निम्म्या फेऱ्या उशिरा पोचणार हे उघड आहे. उशिरा पोचलेली गाडी उशिराच परत निघते, आणि सकाळचा उशीर दुपारपर्यंत फेरीमागून फेरी पुढे सरकत राहतो. म्हणून वेळ अशी धरायची की दहांपैकी आठ-नऊ फेऱ्या तिच्यात बसतील, आणि टोकाला थोडी मोकळीक ठेवायची, म्हणजे उरलेला उशीर तिथेच जिरतो. शिवाय दिवसभर एकच वेळ धरता येत नाही. सकाळी सहाची फेरी आणि संध्याकाळी सातची फेरी यांचा रस्ता एक असला तरी त्यांची वेळ एक नाही. भल्या पहाटे गाडी टोकाला रिकामी उभी राहते आणि संध्याकाळी चालकाला पाणी प्यायलाही फुरसत मिळत नाही. दोन्ही प्रकार आमच्या वह्यांत स्पष्ट दिसत होते.

दुसरी गोष्ट मुलांना फार आवडली, कारण ती साध्या गणितात बसते. तासाला सहा गाड्या आहेत. त्या दर दहा मिनिटांनी आल्या तर थांब्यावर येणाऱ्या माणसाला सरासरी पाच मिनिटं उभं राहावं लागतं. त्याच सहा गाड्या जोडीजोडीने, दर वीस मिनिटांनी आल्या तर तेच थांबणं दहा मिनिटांचं होतं. गाड्या तेवढ्याच, खर्च तेवढाच, पण थांबणं दुप्पट. आणि जोड्या का होतात, तर पुढची गाडी जरा मागे पडली की तिच्यासाठी थांब्यावर जास्त माणसं साठतात, ती चढेपर्यंत ती आणखी मागे पडते. मागच्या गाडीला माणसंच उरत नाहीत, म्हणून ती पुढे सरकत जवळ येते. यात चालक-वाहकाचा काही दोष नसतो. टोकाहून सुटतानाच अंतर सारखं राखलं तर हे बरंच आवरता येतं. त्यासाठी तिथे कुणीतरी नियंत्रक हवा, आणि सुटण्याआधी गाडीला दोन-पाच मिनिटं थांबता आलं पाहिजे. हिशेब फिरून पुन्हा फेरीवेळेवरच आला.

वेळ जाते कुठे, हेही पाहिलं. आम्हाला वाटायचं की सगळा वेळ चौकांतच जातो. चौकांत जातोच, पण थांब्यांवरही तेवढाच जातो. गाडी कडेला लागत नाही, कारण कडेला रिक्षा, हातगाड्या, दुचाकी उभ्या असतात. मग ती रस्त्याच्या मधेच उभी राहते, माणसं धावत तिच्याकडे जातात, मागची वाहनं अडतात. म्हातारी माणसं आणि पोरं घेतलेल्या बाया सगळ्यात शेवटी चढतात. थांब्यापुढची तीस-चाळीस फूट जागा मोकळी ठेवली तर नवी गाडी न आणता प्रत्येक फेरीत वेळ वाचतो. हे काम वाहतूक पोलीस, महापालिका आणि आपण दुकानदार-रहिवासी अशा तिघांचं आहे. आमच्या बाजूच्या भाजीवाल्या मावशींशी बोललो तेव्हा त्या म्हणाल्या, “गाडी नीट लागली तर गिऱ्हाईक इथंच उतरतंय की. आम्हाला बाजूला सरकायला काय हरकत आहे?” त्यांनी त्यांची बाजू पाळली आहे.

तिकिटांच्या आकड्यांबद्दल थोडं विस्ताराने लिहिते, कारण इथे मोठा अन्याय नकळत होऊ शकतो. कुठली फेरी चालते आणि कुठली चालत नाही, हे ठरवताना वाहकाच्या मशीनमधून निघालेली तिकिटं पाहिली जातात. पण पासवाला माणूस त्या मशीनमध्ये उमटत नाही. पहाटे नांदोशी-किरकटवाडीकडून निघणाऱ्या गाडीत घरकामाला, स्वयंपाकाला जाणाऱ्या बाया असतात. बहुतेकींकडे पास. तिकिटांच्या हिशेबात ती फेरी जवळजवळ रिकामी. आमच्या वहीत मात्र “उभे” लिहिलेलं. बचत गटातल्या मावशींनी स्वतः त्या गाडीत बसून प्रत्येक थांब्यावर कोण चढलं, पास की तिकीट, हे लिहून आणलं. त्यांच्यातल्या काहींना लिहायला वेळ लागतो, त्यांनी पासला उभी रेघ आणि तिकिटाला फुली अशी खूण केली. आमच्या अहवालातला सगळ्यात वजनदार कागद तोच होता असं मी आजही म्हणते.

जून २०२५ पासून किमान तिकीट ५ रुपयांवरून १० रुपये झालं आणि मासिक पास ९०० वरून १,५०० रुपयांवर गेला. चार घरी काम करणाऱ्या बाईसाठी ही रक्कम छोटी नाही. तरी ती भरते, कारण शेअर रिक्षा त्याहून महाग पडते. तिच्या दृष्टीने पाहिलं तर गाडी पाच मिनिटं उशिरा येणं एक वेळ चालेल, पण ती येणार की नाही याचाच भरवसा नसेल तर कामावरचा खाडा तिच्या पगारातून जातो. बससेवेची योजना करताना हिशेबात सगळ्यात आधी ती धरली पाहिजे.

यानंतर खरा वाद सुरू झाला: थेट गाडी की बदलून जायचं? पाच गावांना पाच वेगवेगळ्या ठिकाणच्या पाच थेट गाड्या दिल्या आणि प्रत्येकीला तासाला एकच फेरी परवडली, तर प्रत्येक गावाला तासाला एक गाडी मिळते. तेच बळ खडकवासला ते स्वारगेट या एका सरळ मार्गावर लावलं तर मुख्य रस्त्यावर दर १२ मिनिटांनी गाडी येते, आणि गावांतून फाट्यापर्यंत छोट्या गाड्यांनी यायचं. सप्टेंबर २०२४ अखेरपासून मेट्रो स्वारगेटपर्यंत आली आहे. स्वारगेट गाठलं की शिवाजीनगर, पिंपरी खुली होतात. कागदावर हे फार देखणं दिसतं, आणि मीही त्याच बाजूची होते.

गावातल्या एका आजींनी विचारलं, “बाई, दोनदा चढायचं, दोनदा उतरायचं, गुडघे कुणाचे?” त्यांचं म्हणणं आम्ही शब्दशः अहवालात घेतलं. बदल करायला लावायचा असेल तर फाट्यावर सावली हवी, बसायला बाक हवा, रस्ता न ओलांडता दुसरी गाडी मिळायला हवी. पैशाचाही प्रश्न आहेच: सुटं तिकीट काढणाऱ्याला दोन गाड्यांसाठी दोनदा किमान १० रुपये पडतात. म्हणून एका तासात बदललेल्या गाडीला तेच तिकीट चालावं अशी मागणी जोडली. शेवटी तोडगा असा निघाला: दिवसभर सरळ मार्ग आणि त्याला जोडणाऱ्या छोट्या गाड्या, पण ससून रुग्णालयात तपासणीला जाणाऱ्यांसाठी सकाळी आणि दुपारी परतीला काही थेट फेऱ्या तशाच ठेवायच्या. ससूनची ओपीडी सकाळची असते, आजारी माणसाला बदल करायला लावणं योग्य नाही. यावर सगळ्यांचं एकमत झालं.

उड्डाणपुलांचा मुद्दा वाटला त्याहून अवघड निघाला. राजाराम पुलाजवळचा पूल ऑगस्ट २०२४ मध्ये आणि विठ्ठलवाडीकडून फनटाइम थिएटरकडे जाणारा १ मे २०२५ ला सुरू झाला. पुलावरून गेलं की वेळ वाचतो. पण हिंगणे, आनंदनगर, माणिकबाग हे थांबे खालीच राहतात, आणि बसची निम्मी माणसं तिथलीच. त्यामुळे साधी गाडी खालूनच गेली पाहिजे. संध्याकाळी लांबच्या काही फेऱ्या जलद म्हणून वरून नेता येतील, पाटीवर तसं ठळक लिहून. आम्ही एवढंच सुचवलं. काही तरुणांचा आग्रह होता की सगळ्याच गाड्या वरून न्याव्यात. मी त्यांना माणिकबागच्या थांब्यावरची वही दाखवली.

अहवाल घेऊन पीएमपीच्या कार्यालयात गेलो तेव्हा वेळापत्रकाचं काम पाहणाऱ्या मॅडमनी तो आमच्यासमोर पानोपान वाचला. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न आमच्या कुणाच्याच मनात आला नव्हता: “टोकाला पाच-दहा मिनिटं थांबायचं म्हणता, पण खडकवासल्याला गाडी उभी कुठे करायची? आणि माझ्या महिला वाहकांनी जायचं कुठे?” धरणाजवळ रस्ता अरुंद आहे, कडेला मक्याची कणसं आणि भेळेच्या गाड्या. थांबायला जागा नसली की चालक गाडी वळवतो आणि लगेच निघतो, मग वेळापत्रकातली मोकळीक कागदावरच राहते. स्वच्छतागृह नसलं की वाहक बाई दिवसभर पाणी पीत नाही. हे ऐकल्यावर आमच्या बरोबरचे गावचे एक ज्येष्ठ तिथेच म्हणाले की देवळाच्या आवारातलं स्वच्छतागृह चालक-वाहकांसाठी उघडं ठेवू, किल्ली शेजारच्या दुकानात ठेवू. दुसऱ्याच आठवड्यात ते झालं. माझ्या मते अख्ख्या आराखड्यातली सगळ्यात लवकर झालेली आणि सगळ्यात गरजेची सुधारणा ती.

मॅडमनी माणसांचं गणितही समजावलं. मोटार परिवहन कामगार कायदा १९६१ चा होता, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कामगार संहितेने घेतली. त्या कायद्यात दिवसाला आठ तासांचं काम, पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, आणि कामाचा एकूण पसारा बारा तासांच्या आत, असं होतं. गर्दी मात्र सकाळी आठ ते अकरा आणि संध्याकाळी पाच ते नऊ. सकाळी एक तुकडी, संध्याकाळी दुसरी, आणि दुपारी गाड्या रिकाम्या. किंवा एकाच माणसाला तोडून ड्युटी द्यायची आणि मधले तास त्याने आगारात काढायचे. धायरीचा चालक असेल तर ते जमतं, तळेगावहून येणाऱ्याला जमत नाही. त्यामुळे “गर्दीच्या वेळी गाड्या वाढवा” हे वाक्य आम्ही अहवालातून काढलं आणि त्याऐवजी कुठल्या तासात किती गाड्या, दुपारी त्यातल्या कुठल्या आगारात परतणार, असं सविस्तर लिहिलं. आगारात रिकामी जाणारी गाडी किलोमीटर खाते, पण उत्पन्न आणत नाही, तेही मोजलं.

काही मागण्या मान्य झाल्या, काही नाहीत. सकाळच्या फेऱ्यांना वाढीव वेळ चाचणी म्हणून मिळाली आहे, त्यामुळे कागदावर दोन फेऱ्या कमी दिसतात. यावरून आमच्याच काही लोकांनी नाराजी दाखवली. मी त्यांना पुन्हा पुन्हा सांगते आहे की पूर्वी त्या दोन फेऱ्या वेळापत्रकात होत्या, थांब्यावर नव्हत्या. आता जी गाडी लिहिली आहे ती येते, आणि पहाटेच्या गाडीतल्या मावशींना हा फरक कुणी समजावून द्यावा लागत नाही. पहाटेची ती फेरी टिकली, यासाठीच मला हे सगळं काम सार्थकी लागल्यासारखं वाटतं. बदलाच्या तिकिटाचा निर्णय वरच्या पातळीवरचा आहे, तो व्हायचा आहे. छोट्या गाड्या दोन गावांना मिळण्याची शक्यता आहे, नांदोशीचा रस्ता रुंद होईपर्यंत तिथे अडचण राहील. थांबा चौकाच्या पुढे सरकवण्याचा अर्ज पोलिसांच्या पाहणीसाठी गेला आहे.

आता मेट्रो येणारच आहे, मग बसवर एवढा खटाटोप कशाला, असं काहीजण विचारतात. खराडी-हडपसर-स्वारगेट-खडकवासला मार्गाला नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली याचा मला आनंदच आहे. पण मार्ग उभा राहायला वर्षं लागतील, आणि त्या वर्षांत याच रस्त्यावर खांबांसाठी खोदकाम होईल. रस्ता अरुंद होईल, फेरीवेळ पुन्हा वाढेल. ज्या महिन्यात खोदकामाभोवती आडोशाचे पत्रे लागतील त्याच महिन्यात बसची वेळ नव्याने मोजून लिहिली नाही, तर मेट्रो येईपर्यंत लोक बसकडे पाठ फिरवून दुचाकी घेतील, आणि मग मेट्रोकडेही यायचे नाहीत. म्हणून आम्ही अहवालात एक कलम घातलं आहे: काम सुरू झाल्यापासून दर तीन महिन्यांनी फेरीवेळ मोजायची, आणि मोजणीसाठी लागणारी माणसं आम्ही देऊ.

रविवार अजून बाकी आहे. सिंहगड आणि धरणावर जाणाऱ्यांची गर्दी दुपारी चारनंतर परतीला लागते तेव्हा खडकवासल्याच्या पुढच्या, डोणज्या-गोऱ्ह्याच्या माणसांना गाडीत पाय ठेवायला जागा मिळत नाही, आणि त्यातल्या अनेकांना रविवारीही कामावर जायचं असतं. त्या दिवसाचं वेळापत्रक वेगळंच करावं लागेल. पावसाळ्यातले रविवार आणि हिवाळ्यातले रविवार दोन्ही मोजायचे ठरलं आहे. त्यासाठी डोणजे फाट्यावर सकाळी आणि संध्याकाळी उभी राहणारी माणसं हवी आहेत. वह्या आखून तयार आहेत.